पालथ्या नावेची बखर

श्री नदीमाय प्रसन्न. पाणी वाहते असो, काठ शाबूत असो, आणि ऐकणाराचे चित्त ठिकाणी असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन वद्य पक्षी, नदीकाठच्या विद्याराज्यात, ज्यास लोक कॉलेज म्हणतात, तेथे थोर दरबार भरला. दरबार कोणासाठी, तर कुमुदिनीबाई आंबी यांचेसाठी. बाईंनी त्या राज्यात अवघी उमर घातली, मुलींच्या हाती वल्ही दिली, फौज उभी केली, आणि आता वय भरले म्हणोन शाल नारळ देऊन त्यांस निरोप द्यावा ऐसा बेत ठरला. मग मांडव पडला आणि खुर्च्या आल्या आणि निशिगंधाचे हार आले आणि सनई लागली आणि दिवाणसाहेब, म्हणजे विद्यापीठाचे कुलगुरू, पांढऱ्या मोटारीतून उतरते जाहले, आणि इतके सारे होऊन बाई कोठे, तर बाई नाहीत. मधली उंच खुर्ची रिकामी. तीवर शाल घडी करून ठेविलेली, जणू शालीचाच सत्कार. आणि समोर पहिल्या रांगेत बाईंच्या सासू, मातोश्री तानूबाई, नवे इरकली लुगडे नेसून, कवळी बसवून, तांबडे फुटल्यापासून तयार होऊन बसलेल्या. मागल्या रांगेतील बाया कुजबुजतात, पुढील रांगेतील पुरुष घड्याळे पाहतात, आणि सनईची तबकडी संपून पुन्हा पहिल्यापासून लागते. आता सांगा, हे वर्तन कोणत्या शहाण्या सुनेचे? सासूची मान चारचौघांत खाली घालावी, एवढेच शिकावयाचे राहिले होते काय? मातोश्रींनी काठीची मूठ आवळून धरिली आणि मनाशी पक्के केले की, आज येऊ दे तर खरी, अवघ्या सभेदेखत तोंडावर निवाडा सांगीन.

आणि नुसती शालीची बाब असती तर मातोश्रींनी ती गिळली असती. बाब होती घाटाची. कॉलेजचे प्राचार्य देसावळे यांचे मनात आले होते की, बाई जातात हे बरेच जाहले, त्यांचे जागी कोणी नेमू नये, मुलींच्या नावा माळ्यावर टाकाव्या आणि घाटावर जलविहार काढावा. जलविहार म्हणजे काय, तर पिवळी प्लास्टिकची बदके, आत दोघांनी बसावे, पायांनी चाक फिरवावे आणि बदक चालावे, आणि त्याबद्दल लोकांनी तिकीट काढावे. ऐसी चार बदके आणून घाटास बांधिलीही होती. दिवाणसाहेबांनी त्याच सायंकाळी होकार द्यावयाचा होता. तेव्हा बाईंनी सत्कारास उत्तर देताना भर सभेत घाट मागून घ्यावा, इतकीच एक फट उरली होती. मातोश्रींनी आदले दिवशी सुनेस बजावून सांगितले, "कुमू, उठून नीट बोल. रडू नको. आणि 'मी काय सांगणार' असं तर अजिबात म्हणू नको, तुला ती खोड हाय." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "बरं आत्या." आणि आता ही बरं म्हणणारी सून नाहीशी.

तरी आधी ही सून कोण, कोठून आली, ते सांगणे प्राप्त आहे. शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, तानूबाईंचे थोरले चिरंजीव बापूराव यांशी तिचे लग्न लागले. आंबी म्हणजे तरीवाले. या काठचे माणूस त्या काठी पोहोचवावे हीच पिढ्यांची चाकरी. परंतु त्याच सुमारास सरकारने पूल बांधिला आणि लोक पुलावरून चालू लागले आणि तरीचा धंदा बसला. घरात मोठी नाव होती ती मोडीत गेली, धाकटी होडी तेवढी राहिली. सून शिकलेली, तीस कॉलेजात मुलींस खेळ शिकवावयाची चाकरी लागली. तेथे तिने पाहिले की, मुलगे नदीवर नौकानयन करितात, शर्यतीस जातात, आणि मुली अंगणात लंगडी घालतात. मग ती तेव्हाच्या प्राचार्यांपुढे उभी राहून म्हणाली की, मुलींसही नाव द्यावी. प्राचार्य हसले आणि म्हणाले, "बाई, मुलींनी नावेत बसावं ते नदीत ओटी सोडायला." मग ती घरी आली आणि भाकरी थापता थापता सासूस म्हणाली, "आत्या, आपली होडी मला द्याल का? पोरींना शिकवायला." तानूबाईंनी विचारले, "पोरी पडल्या म्हंजे?" सून म्हणाली, "आधी पोहायला शिकवीन, मग पडू दे." हे उत्तर मातोश्रींस मानवले. त्या म्हणाल्या, "होडी देते. पण ती माझ्या सासऱ्याची हाय आणि तिचा नेम हाय. काठाला लागली की आधी ती उपसायची, धुवायची, पुसायची आणि पालथी घालायची. त्याच्या आधी काठ सोडायचा न्हाई, तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई, मग कुणी का बोलवीना. ओली नाव ठेवली की फळी कुजती, आणि कुजलेली फळी माणसं बसल्याबिगर कळत न्हाई." सुनेने भाकरी तव्यावर टाकिली आणि म्हणाली, "कबूल."

तेणेप्रमाणे फौज उभी राहिली. फौज ती काय, चार वल्हेवाल्या आणि पाचवी सुकाणूवाली. मातोश्री पहिले दिवशी घाटावर पाहावयास गेल्या आणि पाहतात तो काय, चौघी जणी जायचे तिकडे पाठ करून बसल्या. आंबी उभ्याने समोर पाहून नाव हाकणारे, त्यांस हे बघवेना. तानूबाई काठावरून ओरडल्या, "अगं, ह्या नदीला रुसल्यात का? तोंड कुठं, नाव कुठं?" कुमुदिनीबाई पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आत्या, पाठ लावून बसलं की अंगाचं सगळं बळ वल्ह्यात उतरतं. पुढं बघायला एक पाचवी ठेवलीया. तिनं बघायचं, ह्यांनी ओढायचं." मातोश्रींनी मान हलविली, पण मग घरी येऊन बापूरावास म्हणाल्या की, तुझी बायको म्हणते त्यात थोडी अक्कल दिसते. इतके शब्द त्यांचे तोंडून कोणाविषयी निघत नसत. पुढे मुलींचे बाप तक्रारीस आले. एक बाप दारात उभा राहून म्हणाला, "बाईंनी पोरीच्या हाताला घट्टे पाडले. अशा हाताची पोरगी कोण करून घेणार?" कुमुदिनीबाई काही बोलावयाच्या आत तानूबाई ओटीवर आल्या आणि त्यांनी आपले दोन्ही तळवे त्यापुढे धरिले आणि म्हणाल्या, "हे बघ. असल्या हातांनी केलं लगीन, असल्या हातांनी पुरात माणसं काढली, आणि असल्या हातांनीच तुझ्या बापाला दवाखान्याला नेलं पलीकडं, तेव्हा त्यानं हात न्हाई बघितले माझे." बाप खाली मान घालून गेला आणि दुसरे दिवशी पोरगी घाटावर आली.

मग पहिली मोहीम शेजारच्या राज्यातील मोठ्या तलावावर जाहली. तेथील फौजांच्या नावा बारीक, लांब, हलक्या. यांची होडी जाडजूड, तरीची. तेथले एक उस्ताद मिशीत हसून म्हणाले, "ह्यांनी बाजारची माणसंपण आणलीत का पलीकडं सोडायला?" शर्यत सुटली आणि बाकीच्या नावा गेल्या त्या गेल्या, आणि कुमुदिनीबाईंची फौज इतकी मागे राहिली की ती पोहोचेतो पंच चहा प्यावयास गेले होते. मुलींचे डोळे भरून आले. परंतु काठाला लागताच बाई म्हणाल्या, "आधी नाव." मग त्यांनी होडी उपसली आणि धुतली आणि पुसली आणि दोर लावून पालथी घातली, आणि मग बाई म्हणाल्या, "आता रडा." तेव्हा त्या रडल्या आणि बाईंनीही एका बाजूस तोंड करून पदर डोळ्यांस लाविला, हे त्यांनी घरी सांगितले नाही, तरी मातोश्रींस कळावयाचे ते कळले. त्याच उस्तादांच्या फौजेस पुढे दोन सालांनी त्याच तलावावर ऐशी शिकस्त दिली की, त्यांची मिशी सायंकाळपावेतो खाली होती. तोवर कॉलेजने हलकी नाव विकत घेतली होती. ती पाहून तानूबाई म्हणाल्या, "ही नाव हाय का पापड? ऊन लागलं तर वळंल." पण नेम हलक्या नावेसही तोच राहिला. मोहिमा वाढल्या. या मुलुखात फत्ते, त्या मुलुखात फत्ते. घाटावरून गेलेली एक पोरगी पुढे फौजदार जाहली, एक तर आपल्याच गावात सरपंच होऊन नळ आणती जाहली, आणि दरवर्षी नव्या पाच आल्या. बाई उन्हाने काळ्या पडल्या, ओरडून ओरडून त्यांचा आवाज घोगरा जाहला, घरचे सणवार निम्मे चुकले, पुरणपोळ्या सासूने एकटीने लाटल्या आणि लाटता लाटता बोलून घ्यावयाचे ते बोलूनही घेतले.

एक गोष्ट मात्र दरसाल घडत गेली, ती ध्यानी ठेवावी. फत्ते जाहली की पंच चषक देण्यास हाक मारीत, आणि मुली व बाई काठावर नाव धुण्यात असत. प्राचार्य चषक घेत, फोटोवाला फोटो काढी, आणि मुली पालथ्या नावेवरून शेवटचा हात फिरवून येत तोवर सारे आटोपलेले असे. प्राचार्य बदलले, परंतु फोटो बदलले नाहीत. कॉलेजच्या भिंतीवर रांगेने फोटो आहेत: चषक आहे, प्राचार्य आहेत, हार आहे, मुली नाहीत. बापूराव एकदा म्हणाले, "अगं, एकदा तरी नाव तशीच टाकून ये फोटोला." त्यावर कुमुदिनीबाई म्हणाल्या, "फोटो काय कुजतोय थोडाच?" तानूबाई आत चूल फुंकीत होत्या, त्यांनी ऐकिले आणि फुंकणी क्षणभर थांबविली.

असो. दरबारात प्रसंग आणीबाणीचा. सनई तिसऱ्यांदा लागली, तेव्हा प्राचार्य देसावळे उठले आणि घसा खाकरून बोलते जाहले की, "बाईंचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु वेळेचं भान प्रत्येकास असतं असं नाही. आणि साहेब, खरं सांगायचं तर मुलींचं नौकानयन आमच्याकडे आता कागदावरच उरलंय. हे फोटो पाहावेत. एकात तरी मुलगी दिसते का?" ते फोटो त्यांनी मुद्दाम काढून मांडवात टांगिले होते. दिवाणसाहेबांनी चष्मा सावरून एक एक फोटो पाहिला आणि मान हलविली. तानूबाईंस उमगले: सुनेची अवघी उमर त्या फोटोंतून पुसली जाते आहे आणि सून नाही. इतक्यात त्यांची दृष्टी देसावळ्यांचे पायांकडे गेली. वर कोट कोरडा, इस्त्रीचा. खाली पाटलोण मांडीपावेतो ओली, बुटांतून पाणी पाझरते, आणि डाव्या बुटास नदीचे हिरवे शेवाळ चिकटलेले. कोट बदलता आला होता, पाटलोण कोण दुसरी जवळ बाळगतो? मातोश्रींनी जन्म नदीवर काढिलेला, त्यांस शेवाळ ओळखावयास चष्मा लागत नाही. त्या काठी टेकून उठल्या.

"साहेब, मी तानू आंबी. ती रिकामी खुर्ची जिची, तिची सासू."

"आजी, आपण बसा," देसावळे म्हणाले.

"तुमच्या आजीला बसवा. मी साहेबांशी बोलतीया. साहेब, माझी सून आली न्हाई, ती कसूर तिची, ती मी बघून घेईन. पण पोरी हायत का न्हाईत ते फोटोत बघू नका. घाट हितनं हाकेवर हाय. चला."

"साहेब, घाटावर फार चिखल आहे," देसावळे घाईघाईने म्हणाले. "आपले बूट खराब होतील."

"तुमचे कशानं झाले?" तानूबाई म्हणाल्या.

मग दिवाणसाहेबांनी देसावळ्यांच्या बुटांकडे पाहिले, आणि मग तोंडाकडे पाहिले, आणि शाल हाती घेऊन खासा उठले, आणि अवघा दरबार हार, नारळ, फोटोवाला यांसह घाटाकडे कूच करिता जाहला. पुढे काठी टेकीत मातोश्री, मागे दिवाण, आणि सर्वांमागे फचफच करीत प्राचार्य.

घाटावर पाहतात तो कुमुदिनीबाई सत्काराची नवी रेशमी साडी कासोट्यासारखी खोचून गुडघाभर चिखलात उभ्या. चौघी पोरी नाव धुतात. सुकाणूवाली शमा मुजावर, अंगाने चिमणीएवढी आणि आवाजाने नगाऱ्याएवढी, फडक्याने आतले पाणी टिपते. आणि पलीकडे एक पिवळे बदक मान वाकडी करून काठाशी पडलेले, त्याच्या गळ्यात अजून दोर. बाईंनी अवघा दरबार येताना पाहिला, सासूस पाहिले, तोंड उतरले, तरी हात थांबले नाहीत. दिवाणसाहेब म्हणाले, "नमस्कार बाई." बाई म्हणाल्या, "नमस्कार साहेब. जरा थांबावं लागंल. नाव पालथी होऊ दे." तेव्हा एवढ्या मुलुखाचा दिवाण हातात शाल धरून चिखलात उभा राहिला. नाव पुसली गेली, चौघींनी ती उचलली, लाकडी घोड्यांवर पालथी घातली. मग दिवाणसाहेबांनी शमास विचारले, "आज उशीर का झाला, मुली?" शमाने बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "झालं ते सांग. वाढवू नको."

शमा म्हणाली, "धरणातनं पाणी सोडलंय सर, नदीला ओढ होती. आम्ही सरावाला उतरलो होतो, बाईंचा शेवटचा दिवस म्हणून. तेवढ्यात बदक सुटलं आणि खालच्या बंधाऱ्याकडं चाललं. आम्ही गेलो, दोर लावला आणि ओढून आणलं."

"बदकात कोणी होतं?"

"प्राचार्य सर होते. आणि फोटोवाले काका. उद्घाटनाचा फोटो आधीच काढत होते. पाय मारत होते, पण बदक ऐकत नव्हतं."

फोटोवाल्याने मान डोलविली, आणि म्हणाला की माझा दुसरा कॅमेरा नदीतच आहे. मग हळूहळू सारे बाहेर आले ते ऐसे की, बंधाऱ्याचे पाणी गर्जत होते आणि वर काढताना नाव जागची हलेना. वल्हेवाल्यांची पाठ जायचे तिकडे, म्हणजे तोंड बंधाऱ्याकडे. जिथून वाचायचे तीच धार त्यांस समोर दिसत होती, आणि एकीचे हात भीतीने ढिले पडले. काठावरून कुमुदिनीबाई नावेबरोबर धावत होत्या, त्या ओरडल्या, "बंधाऱ्याकडं बघू नका. सरांच्या तोंडाकडं बघा." मुलींनी बदकातल्या सरांच्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांस हसू फुटले आणि भीती गेली आणि वल्हे लागले, आणि हात हात करीत नाव, दोर आणि बदक वर आले. सर काठावर उतरले आणि कोणाशी न बोलता कोट बदलावयास गेले. आणि बाई नाव धुवावयास राहिल्या.

दिवाणसाहेब देसावळ्यांकडे वळून म्हणाले, "हे आपण सांगितलं नाहीत." देसावळे म्हणाले, "साहेब, कार्यक्रमाला उशीर होत होता." त्यावर शमाने फडके पिळिले. मग दिवाणसाहेबांनी विचारले, "बाई, आपणास काय हवं?" तानूबाईंनी काठी उचलून धरिली, कारण सुनेची खोड त्यांस ठाऊक. कुमुदिनीबाईंनी ओठ उघडले आणि म्हणाल्या, "मी काय सांगणार..." आणि सासूची काठी दगडावर खट् वाजली. मग बाई सावरून म्हणाल्या, "साहेब, घाट पोरींचाच ठेवा. माझ्या जागी ह्याच घाटावर शिकलेली बाई नेमा. आणि बदकं गावतळ्यात न्या, तिथलं पाणी उभं हाय, कुणी वाहून जाणार न्हाई." दिवाणसाहेब म्हणाले, "तिन्ही कबूल." ते सभेदेखत म्हणाले, तेव्हा फिरवाफिरव करण्यास जागा उरली नाही. मग फोटोवाल्याने बाईंस व मुलींस पालथ्या नावेपाशी उभे केले. देसावळेही कोट सारखा करून मध्ये शिरू लागले, तो शमा म्हणाली, "सर, नको. चिखल आहे." आणि भिंतीवर जाण्याजोगा पहिला फोटो निघाला ज्यात मुली आहेत.

येणेप्रमाणे कुमुदिनीबाई आंबी यांनी तरीच्या होडीवर फौज उभी केली, हसणारांस हरविले, बदकांचे राज्य होऊ दिले नाही आणि घाट राखून चाकरी पुरी केली. राहता राहिला निवाडा. दिवाणसाहेब शाल पुढे करीत होते, बाई चिखलाचे हात मागे घेऊन संकोचत होत्या, तो मातोश्रींनी काठी आडवी धरून दोघांस थांबविले आणि अवघ्या दरबारास ऐकू जाईल ऐशा आवाजात सुनेस म्हणाल्या:

"कुमू, सगळ्या गावाम्होरं मला रिकाम्या खुर्चीसमोर बसवलंस, ते मी मरंपर्यंत बोलून दाखवीन. पण शाल आधी घेतली असतीस आणि नाव मागनं धुतली असतीस, तर आज तुला घरात घेतली नसती. हात पूस, आणि घे ती शाल."